ड्रेसकोड लिहिण्याआधी त्याचं कारण लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नुकत्याच एका विभागाच्या प्रमुख झालात. काही सहकारी दिवसभर संगणकासमोर असतात, काही ग्राहकांकडे जातात, दोघं-तिघं यंत्रांच्या भागातही ये-जा करतात. पहिल्याच बैठकीत संचालकांनी सुनावलं, "तुमची माणसं ऑफिसात आल्यासारखी दिसत नाहीत, ड्रेसकोड करा." त्यांचा रोख मुख्यतः एकाच सहकाऱ्याकडे आहे. तो कामात सगळ्यांच्या पुढे, पण टी-शर्ट चुरगळलेला आणि गळा सैल पडलेला. शेवटी तुम्ही स्वतःबद्दलही विचारलंय: भडक रंग आणि मोठी कानातली ही तुमची आवड, प्रमुख झाल्यावर ती गुंडाळून ठेवायची का?

मी बरीच वर्षं मनुष्यबळ विभागात काम करते. पोशाखाचे नियम लिहिणं, त्यांवरून आलेल्या तक्रारी ऐकणं आणि झालेला गुंता निस्तरणं हे माझं नेहमीचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आज काहीही लिहू नका. आधी संचालकांकडे परत जा आणि विचारा, नेमकं काय खटकलं? कोणी पाहिलं, कुठे, कोणासमोर? एखादा ग्राहक काही बोलला का, की येता-जाता त्यांच्याच नजरेला पडलं? हे विचारणं म्हणजे उलट बोलणं नव्हे. उत्तर मिळाल्याशिवाय तुम्हाला काय सोडवायचं आहे तेच कळणार नाही. पुष्कळदा "सगळे असेच येतात" ही तक्रार खोदत गेलं की एका माणसाची आणि एका दिवसाची निघते. एकाला समोर बसवून सांगायला जीभ रेटत नाही म्हणून सगळ्यांना नियम लावायचा, ही फार जुनी पळवाट आहे. तिचा परिणामही ठरलेला असतो. ज्याच्यासाठी नियम केला त्याला तो आपल्यासाठी आहे हे कळतच नाही, आणि जे आधीपासून नीटनेटके होते ते मात्र आपलं काही चुकलं का म्हणून धास्तावतात.

विचारून झाल्यावरही नियम हवा असं दिसलं, तर माझी पद्धत सांगते. कोऱ्या कागदाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडे नियम, उजवीकडे त्याचं कारण. उजवीकडे काही लिहिता आलं नाही तर डावीकडचं खोडायचं. "बरं दिसत नाही" किंवा "आपल्याकडे हे चालत नाही" ही कारणं नव्हेत, ती कोणाची तरी आवड आहे. आवड अधिकाराच्या जोरावर लादता येते, पटवून देता येत नाही. टिकाऊ कारणं मोजकी असतात. कोणाला इजा होऊ नये. जंतू किंवा घाण इकडून तिकडे जाऊ नये. बाहेरून आलेल्या माणसाला मदत कोणाकडे मागायची ते कळावं. आणि ज्याच्याशी आपलं काम आहे त्याला आपण त्याची कदर करतो असं वाटावं. यापलीकडचं कारण मला क्वचितच सापडलं आहे.

तुमच्या विभागातली काही माणसं यंत्रांच्या भागात जातात, म्हणून सुरक्षेचं आधी. फिरत्या यंत्राजवळ सैल बाही, ओढणी, टाय, ओळखपत्राची गळ्यातली फीत, मोकळे लांब केस यांपैकी काहीही अडकलं तर सोडवायला वेळ मिळत नाही. कापडाबरोबर यंत्र माणसालाही ओढतं. अंगठीचा धोका लोकांना ठाऊक नसतो. शिडीवरून उतरताना किंवा उंचावरून उडी मारताना ती कशात अडकली, तर बोटाची कातडी सोलून निघते, कधीकधी बोटच जातं. हातमोज्यांचंही तसंच. हातमोजे म्हणजे हमखास सुरक्षा असं वाटतं, पण ड्रिल किंवा लेथवर तेच हात आत ओढून नेऊ शकतात. ठिणग्या उडतात तिथे पॉलिस्टर, नायलॉन नको, कारण ते वितळून कातडीला चिकटतं. हे नियम लिहिताना भाषा मऊ करू नका. "शक्यतो टाळावे" असं लिहिलं की प्रत्येक जण स्वतःला अपवाद समजतो. "काढून ठेवा, त्याशिवाय आत प्रवेश नाही" असं लिहा आणि दाराशीच कुलुपाचे खण ठेवा. अंगठी ठेवायला जागा नसेल तर माणूस ती बोटातच ठेवणार.

कारण स्पष्ट असलं की नियम किती सरळ होतो याचं एक उदाहरण आरोग्यसेवेत आहे. इंग्लंडच्या आरोग्य विभागाने २००७ मध्ये रुग्णालयांसाठी सांगितलं, की रुग्णाला हात लावताना कोपराखाली काही नको. लांब बाही नको, घड्याळ नको, टायही लोंबता नको. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरांची प्रतिष्ठा लांब पांढरा कोट आणि टाय यांत पाहिली जात होती. पण मनगटापर्यंत हात नीट धुता यायला हवेत हे कारण समोर आल्यावर प्रतिष्ठेला बाजूला व्हावं लागलं.

दुसरं उदाहरण मी प्रत्येक नव्या प्रमुखाला सांगते, कारण त्यात तोच दागिना आहे आणि निकाल मात्र दोन आहेत. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या काही कर्मचाऱ्यांची प्रकरणं एकत्र निकाली काढली. नादिया एवेडा ब्रिटिश एअरवेजमध्ये प्रवाशांची नोंदणी करायच्या. गळ्यातला लहानसा क्रॉस गणवेशावर दिसू द्यायला कंपनीने मनाई केली होती. शर्ली चॅप्लिन परिचारिका होत्या, त्यांनाही क्रॉसची साखळी घालायची होती. एवेडा जिंकल्या, चॅप्लिन हरल्या. विमान कंपनीचं कारण होतं आपली प्रतिमा, आणि एका नाजूक क्रॉसने तिला धक्का लागतो असं काही दिसत नव्हतं. कंपनीने स्वतःच पुढे नियम बदलला होता. रुग्णालयाचं कारण होतं, की रुग्ण साखळी ओढू शकतो आणि ती उघड्या जखमेला लागू शकते. श्रद्धा दोघींचीही सच्ची होती. फरक पडला तो उजवीकडच्या रकान्यात काय लिहिलं होतं त्याने. तुमच्याकडे कोणी धार्मिक खूण, डोक्यावरचं वस्त्र, दाढी किंवा केसांच्या ठेवणीबद्दल परवानगी मागितली, तर हेच पाहा: त्यामुळे कामात नेमका काय अडथळा येतो? येत नसेल तर परवानगी मागायची वेळच त्यांच्यावर येऊ नये. केसांच्या बाबतीत विशेष जपा. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये 'क्राउन' कायदा केला तो यासाठीच, की वेण्या, जटा किंवा नैसर्गिक कुरळे केस अव्यवस्थित ठरवून कृष्णवर्णीयांना नोकरीत डावललं जात होतं.

आता चौथं कारण, समोरच्याची कदर. सगळे वाद इथेच होतात आणि तुमच्या संचालकांची तक्रारही बहुधा इथलीच आहे. आयबीएम या कंपनीची ओळख एके काळी गडद सूट आणि पांढरा शर्ट ही होती. कंपनीचे सुरुवातीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांनी ती प्रथा पाडली तेव्हा तिला अर्थ होता. त्यांचे ग्राहक मोठ्या कंपन्यांतले अधिकारी होते आणि ते स्वतः तसेच कपडे घालायचे, तेव्हा ग्राहकासारखं दिसणं हा त्याचा मान राखणंच होतं. पुढे ग्राहकांचे कपडे बदलले, आयबीएमचे बदलले नाहीत. नंतरचे प्रमुख लू गर्स्टनर यांनी १९९५ मध्ये तो नियम रद्द केला, आणि त्यांचं म्हणणं असं होतं की हे वॉटसन यांच्या मूळ विचाराला धरूनच आहे: आज कोणाला भेटणार आहात ते पाहा आणि तसे कपडे घाला. कारण जिवंत ठेवायचं असेल तर नियम बदलावा लागतो, हे मला या गोष्टीत फार मोलाचं वाटतं.

जनरल मोटर्सचं उदाहरण तुमच्या परिस्थितीच्या आणखी जवळचं आहे. मेरी बॅरा २००९ मध्ये तिथे मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख झाल्या, तेव्हा ड्रेसकोड १० पानांचा होता. त्यांनी तो दोन इंग्रजी शब्दांवर आणला. मराठीत सांगायचं तर, "योग्य पोशाख करा." लगेच एका वरिष्ठ संचालकाची तक्रार आली, की याने भागणार नाही, नियम स्पष्ट हवा. बॅरा यांनी विचारलं, अडचण नेमकी काय? तर त्याच्या गटाला कधीकधी ऐनवेळी सरकारी अधिकाऱ्यांना भेटावं लागायचं आणि माणसं जीन्समध्ये असायची. तुमच्या गटाशीच बोला, असं त्यांनी सुचवलं. गटाने तोडगा काढला: जीन्स चालू, पण प्रत्येकाच्या खणात एक चांगली पँट कायम ठेवलेली. हा तोडगा दहा पानांत कधीच सापडला नसता, कारण तो त्या कामाच्या आतून आला होता.

तरी एक सावधगिरी. हे दोन शब्द सगळीकडे चालतील असं मी मानत नाही. "योग्य" कशाला म्हणायचं हे जिथे एका माणसाच्या मर्जीवर राहतं, तिथे त्याचे पूर्वग्रह त्यात शिरतात. ॲन हॉपकिन्स यांचं प्रकरण त्याची साक्ष आहे. प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासणी कंपनीत १९८२ मध्ये भागीदारीसाठी ८८ नावं सुचवली गेली, त्यांत ही एकच स्त्री होती. काम उत्तम होतं, मोठं सरकारी कंत्राट मिळवण्यात त्यांचा वाटा होता. भागीदारी लांबणीवर पडली आणि त्यांना सल्ला मिळाला, की चालणं, बोलणं, कपडे जरा बायकी करा, मेकअप करा, केस सेट करा, दागिने घाला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८९ च्या निकालाने हे स्पष्ट झालं, की स्त्रीने कसं दिसावं-वागावं या साचेबंद कल्पनांवरून तिची बढती अडवणं हाही भेदभावच. पुरुषासारखी कणखर वागली तर रूक्ष, आणि सौम्य वागली तर या पदाला कमी पडेल, अशी ती कोंडी होती. आजही कित्येक कार्यालयांत ती तशीच आहे.

लंडनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये निकोला थॉर्प एका कार्यालयात स्वागतकक्षात तात्पुरत्या कामावर गेल्या. सपाट बूट घातले म्हणून त्यांना पगाराविना परत पाठवलं, कारण दोन ते चार इंच टाचेचे बूट सक्तीचे होते. पुरुषांना असं कुणी सांगतं का, हा त्यांचा साधा प्रश्न. त्यांच्या अर्जावर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांनी २०१७ मध्ये त्यावर अहवाल दिला. त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आणि फिलिपिन्सने टाचांची सक्ती बंद केली. दिवसभर उभं राहून उंच टाचांनी पाय, गुडघे आणि कंबर दुखते हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

म्हणून मसुदा झाला की एक तपासणी नक्की करा. फक्त बायकांना लागू होणाऱ्या ओळी मोजा, फक्त पुरुषांना लागू होणाऱ्या मोजा. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या मसुद्यांत पुरुषांसाठी एखादी ओळ असते आणि बायकांसाठी गळा, बाही, लांबी, घट्टपणा, पारदर्शकपणा, नखं, असं संपतच नाही. असं दिसलं की समजा, तो मसुदा कामाबद्दल नाही, बायकांच्या अंगाबद्दल आहे. सगळ्या ओळी कपड्याबद्दल लिहा, अंगाबद्दल एकही नको. "स्वच्छ, न फाटलेलं, वाकून-बसून काम करता येईल असं, ग्राहकभेटीच्या दिवशी कॉलरचं किंवा त्या तोलाचं पारंपरिक वस्त्र", हे स्त्री, पुरुष आणि ज्यांना या दोन्ही खणांत बसायचं नाही अशा सगळ्यांना सारखंच लागू होतं.

फार बारकाईत शिरण्याचंही टोक आहे. यूबीएस या स्विस बँकेने २०१० मध्ये शाखांतल्या कर्मचाऱ्यांसाठी ४० हून अधिक पानांची पुस्तिका काढली. त्यात अंतर्वस्त्रांच्या रंगापर्यंत सूचना होत्या. जगभर हसू झालं आणि बँकेला ती आवरती घ्यावी लागली. तुमचा मसुदा एका पानाच्या वर जाऊ देऊ नका.

दोन गोष्टी झटकन सांगते. ठरावीक रंगाचा, ठरावीक कापडाचा किंवा नाव छापलेला कपडा हवा असेल तर त्याचा खर्च कार्यालयाने करावा, आणि तो सगळ्या मापांत, गरोदर बाईला आणि व्हीलचेअरवर बसणाऱ्यालाही घालता येईल असा असावा. दुसरं, खोलीचं तापमान. कापडाची ऊब मोजायला 'क्लो' नावाचं एकक आहे. पूर्ण सूट साधारण १ क्लो, उन्हाळी हलके कपडे साधारण अर्धा. म्हणजे कोट घातलेल्या माणसाला जे तापमान सुखाचं, त्यात पातळ कपड्यातलं माणूस कुडकुडणार. शिवाय नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं, की कार्यालयांच्या तापमानाची प्रचलित गणितं ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाची शरीरऊर्जा धरून केलेली आहेत, आणि बायकांच्या शरीरात तेवढी उष्णता तयार होत नाही. तेव्हा खुर्चीवर शाल किंवा स्वेटर दिसला की तो गबाळेपणा समजू नका. जपानने २००५ च्या उन्हाळ्यात 'कूल बिझ' मोहीम काढली: वातानुकूलन २८ अंशांवर ठेवा, कोट-टाय सोडा. टायशिवाय ग्राहकासमोर जाणं उद्धटपणाचं वाटेल ही लोकांची भीती होती. ती मोडायला पंतप्रधान कोइझुमी आणि मंत्री स्वतःच टाय न लावता लोकांसमोर आले.

जपानच्या त्या उदाहरणातच तुमच्या स्वतःबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर आहे. लिहिलेला ड्रेसकोड काही असो, माणसं तुमच्याकडे बघून ठरवतात. प्रमुख रोज कोट घालून आली आणि तोंडाने "काहीही घाला" म्हणाली, तर महिनाभरात सगळे कोटात दिसतील. तुम्ही भडक रंग आणि मोठी कानातली चालू ठेवलीत, तर तुमच्या हाताखालच्या कितीतरी जणांना न बोलता कळेल की इथे स्वतःला पुसून टाकावं लागत नाही. तेव्हा सोडू नका. यंत्रांच्या भागात जाताना मात्र कानातली काढून खणात, तिथे प्रमुखालाही सूट नाही. कानावर हेडफोन लावून लांबलचक बैठक असेल त्या दिवशी हलकी, कानाला चिकटून बसणारी घाला, नाहीतर जड कानातली दांडीवर आपटत राहतात आणि तो आवाज पलीकडे सगळ्यांना ऐकू जातो.

आवड दिसायला हवी पण कामापेक्षा जास्त बोलायला नको, असं वाटत असेल तर एक उपाय मी अनेकांना सुचवते. आपली खूण एकाच जागी ठेवायची. कानातली मोठी असतील तर बाकीचं शांत. शर्टाचा रंग भडक असेल तर कानात लहानसं काही. काही जण बुटांत हौस करतात, काही जण चष्म्याच्या फ्रेममध्ये. जागा ठरलेली असली की लोकांना ती तुमची ओळख वाटते आणि सकाळी कपाटासमोरचा वेळही वाचतो. तेच कपडे आठवड्यात दोनदा घालायला मुळीच लाजू नका. स्वच्छ असले म्हणजे झालं.

पैसे खर्च करायचेच तर ब्रँडवर नको, मापावर करा. विकत घेताना आधी खांद्याची शिवण बघा. ती खांद्याच्या हाडावर संपायला हवी. कंबर, बाही, लांबी शिंप्याकडून सहज बदलून मिळते, खांदा उसवून पुन्हा बसवणं कटकटीचं आणि महागाचं. मग आरशासमोर नुसतं उभं राहू नका. खुर्चीवर बसा, दोन्ही हात वर करा, खाली पडलेलं पेन उचलल्यासारखं वाका. बटणांच्या मधे फट पडते का, शर्ट पँटमधून सुटतो का, कुठे खेचतं का, हे तेव्हाच कळतं. दिवसभर जो कपडा सारखा सावरावा लागतो तो कितीही सुंदर असला तरी कामाचा नाही, कारण तुमचं अर्धं लक्ष त्याच्याकडे राहतं. लिनन दहा मिनिटांत चुरगळणारच, महत्त्वाच्या भेटीच्या दिवशी ते टाळा किंवा चुरगळणं मान्य करूनच घाला. लोकरीचं कापड हँगरला टांगून ठेवलं की रात्रीतून बरंचसं सरळ होतं. व्हिडिओ बैठकीत बारीक पट्ट्यांचा किंवा बारीक चौकटींचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्या रेघा लाटांसारख्या हलताना दिसतात. आणि लोकांची नजर जाते ती कॉलरच्या घडीवर, बाहीच्या कडेवर आणि बुटांच्या झिजलेल्या टाचेवर. महागडा कोट झिजलेल्या कॉलरला वाचवू शकत नाही, साध्या शर्टाला कडक इस्त्री मात्र खूप उचलते.

कोणी तुम्हाला सांगेल, की चांगल्या कपड्यांनी डोकंही चांगलं चालतं, हे विज्ञानाने सिद्ध झालंय. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी डॉक्टरचा कोट घातल्यावर माणसं जास्त लक्षपूर्वक काम करतात असा निष्कर्ष काढला होता. त्यातला एक प्रयोग २०१९ मध्ये इतरांनी तसाच करून पाहिला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. आवडते कपडे घालून बरं वाटतं, हे खरं आणि तेवढं पुरे. त्यावर नियम उभा करू नका.

राहिला तुमचा चुरगळलेला सहकारी. आधी स्वतःशी ठरवा, त्याला सांगायचं कारण उजवीकडच्या रकान्यात बसतं का? तो ग्राहकांसमोर कधीच जात नसेल आणि कपडे स्वच्छ असतील, तर माझं स्पष्ट मत आहे: सोडून द्या. संचालकांच्या नजरेपासून त्याला वाचवणं हेही प्रमुखाचं काम आहे. तो ग्राहकांसमोर जात असेल तर मात्र बोला, आणि लवकर बोला.

एकट्यात बोला, शक्यतो दिवस संपताना, म्हणजे ते मनात घेऊन त्याला आठ तास सगळ्यांत बसावं लागणार नाही. नेहमी अहो-जाहो करत असाल तर तसंच, अरे-तुरे असेल तर तेच. एकदम औपचारिक झालात तर तो मेमो मिळाल्यासारखा घाबरेल. साधारण असं म्हणता येईल: "एक सांगायचंय, दोन मिनिटांचं आहे. ग्राहक येतात त्या दिवशी इस्त्री केलेला, कॉलरचा शर्ट घालून ये. ते लोक पहिल्यांदा भेटतात तेव्हा त्यांना तुझं काम माहीत नसतं, समोर दिसतं तेवढंच कळतं. बाकी दिवस तू जे घालतोस ते घाल. यात काही अडचण आहे का?" एवढंच बोला. "सगळे म्हणतात" असं चुकूनही म्हणू नका, कारण मग तो आठवडाभर प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे संशयाने बघेल. कामाच्या कौतुकात गुंडाळूनही सांगू नका. मुद्दा त्यात हरवतो आणि पुढच्या वेळी कौतुक केलं की तो धास्तावतो.

शेवटचा प्रश्न विचारल्यावर मात्र गप्प बसा आणि ऐका. मी ऐकलेली उत्तरं फार वेगवेगळी आहेत. कोणी घर बदललं आणि कपडे धुण्याची सोयच नव्हती. कोणाचं आजारपणात वजन बदललं आणि जुनं काही बसेना. कोणाला मानेला कॉलर घासलेली किंवा आतली चिठ्ठी टोचलेली अजिबात सहन होत नाही, म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेला टी-शर्टच बरा वाटतो. अशा माणसाला कॉलर नसलेला पण नेटका शर्ट चालेल असं सांगितलं की प्रश्न तिथेच मिटतो. आणि कायम टापटीप असणारं माणूस महिन्या-दोन महिन्यांत एकदम दुर्लक्ष करायला लागलं, तर कपड्यांचा विषय काढूच नका. "बरं चाललंय ना?" इथून सुरुवात करा.

अंगाला येणाऱ्या वासाबद्दल बोलणं सगळ्यांत अवघड. तेही असंच, एकट्यात आणि सरळ: "कदाचित तुझ्या लक्षात आलं नसेल, अंगाला वास येतो, मला कोणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं म्हणून सांगते." टेबलावर निनावी अत्तराची बाटली ठेवणं हा क्रूरपणा आहे. असं कोणी तुमच्या विभागात करत असेल तर त्याला आधी थांबवा. त्यामागे औषधं किंवा आजार असू शकतो, तेव्हा उपाय तुम्ही सुचवू नका.

संचालकांकडे जाताना तो दोन रकान्यांचा कागद घेऊन जा, पण त्याआधी तुमच्या गटासमोर ठेवा. यंत्रांच्या भागात जाणारे, ग्राहकांकडे जाणारे आणि जागेवर बसणारे, तिघांनाही आपापल्या ओळी वाचू द्या आणि काय जमणार नाही ते सांगू द्या. खणात जादा शर्ट ठेवण्यासारखे तोडगे तेच काढतील. संचालकांना मग सांगा, की ग्राहक येतील तेव्हा काय दिसेल याची हमी मी देते, इतर दिवसांचं माझ्यावर सोडा. ते तरीही एखाद्या ओळीचा आग्रह धरतील, तर उजवीकडचा रकाना त्यांनाच भरायला सांगा आणि ते जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. कागदावर तारीख घाला. सहा महिन्यांनी तो पुन्हा काढा, आणि सुरक्षा व स्वच्छतेच्या ओळी सोडून ज्या ओळीवरून या काळात कोणालाही काही सांगावं लागलं नाही, ती खोडून टाका.